माझ्याच खांबावर दुसरा अँटेना

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की आधी आपले कष्ट सांगतात आणि मग लोकांनी केलेली हेळसांड. मी आधी माझा दोष सांगतो, म्हणजे पुढचे ऐकताना तुमची फसगत होणार नाही. मी टीव्हीचा जुना अँटेना आहे; अॅल्युमिनियमचा, काळवंडलेला आणि मनाने अतिशय हेवेखोर.

तुमच्यापैकी पुष्कळांनी अँटेना पाहिलाही नसेल. मधे एक लांब नळी आणि तिला आडव्या बसवलेल्या सात काड्या. दोन्हीकडे दात असलेली फणी असते ना, तसा माझा आकार. दूरच्या मनोऱ्यावरून हवेत सोडलेल्या लहरी या काड्यांनी पकडायच्या आणि वायरीतून खाली टीव्हीकडे धाडायच्या, हे माझे काम. त्यासाठी माझे तोंड मनोऱ्याच्या दिशेला असावे लागते. ही गोष्ट लक्षात असू द्या. पुढचा सगळा घोळ तिच्यावरूनच झाला.

१९९४ साली नगरच्या एका शेडमध्ये माझ्या काड्या ठोकून बसवल्या गेल्या. पाथर्डी तालुक्यातल्या आसारामने टीव्हीबरोबर मला घेतले. टीव्ही एसटीत त्याच्या मांडीवर होता आणि मी टपावर. फाट्यापासून वर वस्तीपर्यंतचा डोंगर मी त्याच्या खांद्यावरून चढलो. गर्भगिरीच्या डोंगरातली ही नऊ घरांची वस्ती एका खोलगट जागी आहे. उत्तरेला घरामागे सरळ उठलेला कडा. पूर्वेला खिंड, आणि तिच्यातून दिसणारे खालचे मैदान. आसारामच्या घराला लागून म्हसोबाचा मोठा वड आहे. घराची एक खोली स्लॅबची होती, तिच्यावर लोखंडी खांब रोवून मला चढवले.

चढवले तरी चित्र यायला दोन दिवस लागले. आसाराम वर मला फिरवत होता आणि कडूबाई खाली दारात उभी होती. तिचे लग्न होऊन वर्षही झाले नव्हते. तो वरून ओरडायचा, "आलं का?"

"पडदाभर मुंग्याच हायेत!"

"आता?"

"मानसं दिसत्यात, पन समद्यांची डोकी वाकडी!"

"आता?"

"एक बाई लई हसती. ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या, हात काढा!"

दुसऱ्या दिवशी दुपारी माझे तोंड बरोबर पूर्वेला, खिंडीकडे लागले. खिंडीपलीकडच्या मैदानात तेव्हा दूरदर्शनचा एक लहान मनोरा होता. चित्र स्वच्छ झाले. आसारामने तांबड्या ऑइलपेंटने कठड्यावर माझ्या तोंडाच्या दिशेला एक रेघ ओढली आणि बजावले, "ह्या रेघंवरनं ह्याला कुनी हलवायचा न्हाई." वाऱ्याने खांब डोलू नये म्हणून माझ्याच नळीला तारेचा ताण बांधून तो कठड्याच्या कडीत अडकवला.

माझे चांगले दिवस वर्षातून सहा महिन्यांचे होते. पावसाळ्यात वस्तीतली सगळी माणसे आसारामच्या पडवीत येऊन बसत. दिवाळी झाली की ट्रक येई आणि वस्ती ऊसतोडीला निघून जाई. कधी कोल्हारकडे, कधी देवळाली प्रवराच्या बाजूला. घराला कुलूप लागे. टीव्हीवर जुने लुगडे पडे. मी मात्र लहरी पकडतच राही, आणि त्या वायरीतून उतरून बंद टीव्हीच्या पाठीशी येऊन थांबत. या घराने कित्येक वर्षांत सव्वीस जानेवारी कधी पाहिली नव्हती, कारण तेव्हा घरातले सगळे उसाच्या फडात असत.

खंडेनवमीला आसाराम हत्यारांची पूजा करी. कोयते, पहार, कुऱ्हाड, बैलगाडीचे जू असे सगळे अंगणात मांडले जाई. मग तो शिडी लावून वर येई आणि मला झेंडूची माळ घाली. तुम्हाला वाटेल, एवढ्याने एखादा अँटेना खूश होईल. मी नाही झालो. पहिला टिळा कोयत्याला लागे आणि माझ्यापर्यंत येईतो वाटीतले कुंकू संपत आलेले असे. दर वर्षी मी वरून मोजत असे, कोयत्याच्या माळेत फुले किती आणि माझ्या माळेत किती.

पुढे वस्तीत डिशच्या छत्र्या आल्या. परातीएवढे तोंड आणि त्यावर एक बोंडूक, याला लोक छत्री म्हणत. एका छत्रीवर शंभर चित्रवाहिन्या येत. माझ्यावर दोन. पडवीतली माणसे एकेक करून आपापल्या घरी बसू लागली. शेवटी आसारामकडेही छत्री आली. ती बसवायला आलेल्या माणसाने ती स्लॅबवर, अंगणात, गोठ्याच्या पत्र्यावर, सगळीकडे फिरवून पाहिली. छत्रीला आग्नेयेकडचे वरचे आभाळ लागते आणि तिथे नेमका म्हसोबाचा वड.

"ती एक फांदी तोडा, काम होतंय," तो माणूस म्हणाला.

आसारामने त्याच्याकडे असे पाहिले, जणू त्याने घरातले माणूस तोडायला सांगितले होते. "त्या वडाची काडी बी मोडत न्हाई आमच्यात. तुमची परात घिऊन जावा."

छत्री मोटारसायकलवर उलटी बांधून परत गेली. मला इतका आनंद झाला की मला वाटले, तो माझ्या काड्यांतून आवाज करून बाहेर पडेल.

तो आनंद दोनच पावसाळे टिकला. सात वर्षांपूर्वी एका सोमवारी दुपारी खिंडीपलीकडचा लहान मनोरा कायमचा बंद झाला. लहरी येता येता थांबल्या. मला वाटले, माझ्यातच काहीतरी तुटले. आसाराम चार वेळा वर आला, वायर पुसली, स्क्रू आवळले. मग कोणीतरी त्याला सांगितले की जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण आता संपले, इथून पुढे सगळे डिजिटल. कडूबाई टीव्हीवर डाळीचे डबे ठेवू लागली. माझ्या नळीपासून वडाच्या बुंध्यापर्यंत तिने कपडे वाळत घालायची दोरी बांधली. तरी खंडेनवमीची माळ चुकली नाही. पूर्वेला तोंड करून, ओली लुगडी सांभाळत, मी माळ घालून घेत राहिलो.

आता यंदाची गोष्ट सांगतो.

मागच्या हंगामात उसाची मोळी उचलताना आसारामची कंबर धरली. यापुढे मोळी उचलायची नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. दोन्ही मुलगे आणि सुना ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेली; आसाराम आणि कडूबाई मागे राहिली. बाकी आठ घरांना कुलपे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच या घराची चूल हिवाळ्यात पेटत होती.

त्यांची धाकटी मुलगी विजयमाला नगरला कॉलेजात शिकते. आईबाप उसात असताना ती वसतिगृहात वाढली. कॉलेजात ती एनसीसीत गेली आणि यंदा दिल्लीच्या सव्वीस जानेवारीच्या संचलनासाठी तिची निवड झाली. जाण्याआधी ती एका दिवसासाठी वस्तीवर आली होती. दोरीवरचे कपडे काढताना ती आईला म्हणाली, "आये, साडेदहाला सुरू व्हतंय. टीव्हीवर थेट दाखवत्यात. बघशील ना?"

"बघती की."

"कुठं बघशील? आपला टीव्ही तर डबं ठेवायला हाय. आन् मोबाईलला हितं रेंज न्हाई."

"बघती म्हनलं ना. तू सरळ चाल म्हंजे झालं."

कडूबाईच्या मनात खालच्या गावात टोळीच्या मुकादमाच्या घरी जायचे होते. त्यांच्याकडे मोठा टीव्ही आहे. पण बाजारच्या दिवशी मुकादमाची बायको मालनबाई तिला भाजीच्या ओळीत भेटली. चार बाया ऐकत असताना मालनबाई म्हणाली, "पोरगी दिल्लीला गेली म्हनं, कडूबाई. कोनाच्या संगं?" आणि वर हसून, "बघायचंच आसंल तर या की. आमचं दार उघडंच आसतं. दारातनं बी दिसतंय."

कडूबाई अर्धी पिशवी रिकामी घेऊन डोंगर चढून आली. अंगणात तिने पिशवी टेकवली आणि आसारामला सांगितले, "बघीन तर माझ्या घरात बघीन. न्हाई तर बघनारच न्हाई. तुमच्या मेव्हन्याला सांगावा धाडा."

मेव्हणा म्हणजे कडूबाईचा भाऊ सहादेव. पाथर्डीत त्याचे पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे दुकान आहे. वीस जानेवारीला दुपारी तो आला. त्याच्या एका हातात टीव्हीला जोडायची डिजिटल पेटी होती आणि दुसऱ्या हातात तो.

तो म्हणजे नवा अँटेना. मित्रांनो, खरे सांगतो, पहिल्यांदा मला हसू आले. माझी एकेक काडी दीड हाताची. याच्या काड्या वीतभरसुद्धा नाहीत. मागे एक छोटी जाळी. अंगावर अजून प्लास्टिकचा कागद. पण सहादेव म्हणाला, "दाजी, डिजिटल लहर बारीक आसती, तिला बारकीच काडी लागती. ह्यो जुना गडी आता कामाचा न्हाई." आणि त्याने त्या पोरकट वस्तूला माझ्याच खांबावर, माझ्या डोक्यावर हातभर उंच बसवले. तीस वर्षांहून अधिक काळ त्या खांबाचे टोक माझे होते. त्या दिवशी प्रथमच कावळा येऊन बसला तो माझ्यावर नाही, त्याच्यावर.

सहादेवने नव्याचे तोंड उत्तरेकडे केले. "म्हैसमाळच्या डोंगरावर मोठा मनोरा हाय. लांब हाय, पन घावंल," तो म्हणाला. तेवढ्यात लाइट गेली. सहादेवला शेवटची एसटी गाठायची होती. तो शिडी उतरता उतरता म्हणाला, "लाइट आली की पेटी लावा. चित्र न्हाई आलं तर जरा हिकडं-तिकडं फिरवा."

लाइट आली. पेटी लागली. चित्र आले नाही, कारण नव्याचे तोंड उत्तरेला असले तरी थोडे चुकले होते. आसाराम वर आला. त्याने उत्तरेला पाहिले, समोर कडा. मग त्याने पूर्वेला पाहिले. मोकळी खिंड आणि कठड्यावरची तांबडी रेघ.

"आगं," तो खाली ओरडला, "सहादेवाचं डोकं फिरलंय. कड्यातनं काय येतंय? दगूड?" त्याने माझ्या नळीवर हात ठेवला. "ह्यो हितंच बघत आलाय. ह्याला ठाव हाय दिशा." आणि त्याने नव्याला फिरवून त्याचे तोंड माझ्यासारखे पूर्वेला केले. दोघांवर दोरा धरून, सुतारासारखा एक डोळा मिटून, नीट जुळवून पाहिले.

आता माझा खरा दोष ऐका. दिशा मला ठाऊक होती. गेली काही वर्षे उत्तरेच्या कड्यावरून एक नवी, बारीक लहर वाकून आमच्या खोलगट वस्तीत उतरत होती. माझ्या काड्यांना ती शिवून जाई, पण त्या लांब, जड. ती त्यांच्यात मावत नसे. पूर्वेकडून काही येत नाही हे माझ्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. अँटेनाला बोलता येत नाही, हे खरे. पण बोलता आले असते तरी मी त्या दिवशी बोललो नसतो. आसारामने माझ्याकडे बघून नव्याला वळवले याचा मला कोण अभिमान वाटला! नव्याच्या चकचकीत काड्या रिकाम्या पूर्वेकडे तोंड करून उभ्या होत्या आणि मी खाली खूश होतो. मी त्याला म्हणालो, बस, तूही माझ्यासारखा रिकामा बस.

एकवीस ते चोवीस जानेवारी, चार दिवस हेच चालले. आसाराम पूर्वीच्या सवयीने नव्याला भराभर गरागरा फिरवी. पूर्वी ते चालत असे. तोंड दिशेला लागले की तत्क्षणी चित्र येई आणि सुटले की मुंग्या. डिजिटल पेटीचे तसे नाही. तिला लहर ओळखायला वेळ लागतो, आणि ओळखेपर्यंत पडदा नुसता काळा. बावीस तारखेला फिरवता फिरवता नव्याचे तोंड उत्तरेवरून गेले. काही सेकंदांनी खाली टीव्हीवर चित्र उमटले आणि कडूबाई ओरडली, "आलं! आलं! थांबवा!" पण तोवर आसारामचा हात पश्चिमेला पोचला होता. तो तिथेच थांबला. चित्र गेले.

"गेलं!"

"मी हललोच न्हाई!"

"मंग गेलं कसं? तुमी हललाच आसशाल!"

"तू नीट बघत न्हाईस!"

"मी डोळं फाडून बघतीया. तुमीच वर काय तरी करताय!"

त्याने पश्चिमेला अर्धा तास खटपट केली आणि कंबर धरून परत पूर्वेवर, माझ्या सरळ रेषेत, येऊन थांबला. दर वेळी शेवट माझ्यापाशीच. मी मनात म्हणालो, पाहिलेस ना, शेवटी सगळे माझ्याकडेच बघतात.

पंचवीस तारखेला सकाळी कडूबाईने पत्र्याच्या ट्रंकेतून हिरवे लुगडे काढले आणि उन्ह द्यायला माझ्याच दोरीवर टाकले. तेवढे एक लुगडे ती लग्नकार्यालाच नेसते. उद्या टीव्हीसमोर बसताना ते नेसायचे तिने ठरवले होते. आसारामने अकरापर्यंत अँटेना फिरवला. काळा पडदा. शेवटी तो कठड्यावर बसला आणि खाली बघून म्हणाला, "जाऊ की खाली मालनबाईकडं. पोर दिसल्याशी मतलब."

कडूबाई दोरीपाशी आली. लुगडे काढले, घडी घातली, पुन्हा मोडली, पुन्हा घातली. मग म्हणाली, "पोर सहा वर्साची हुती तवा तिला वसतिगृहाच्या दारात सोडून ट्रकात बसलो. रडत हुती का न्हाई, त्ये बी बघितलं न्हाई, ट्रक निघाला. तिचं बक्षीस, तिची परीक्षा, काय बी बघितलं न्हाई. एक डाव बघायचं म्हनलं तर आता दुसऱ्याच्या उंबऱ्यात हुबी ऱ्हाऊ? आन् ती बया मागनं म्हननार, कुठंय गं तुझी?" ती लुगडे घेऊन आत गेली. ट्रंकेचे झाकण पडल्याचा आवाज वरपर्यंत आला.

मित्रांनो, दोरीवर लुगडे नव्हते तरी ती मला जड लागली. माझा हेवा गेला असे मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी प्रथमच मला स्वतःच्या पूर्वेकडे लागलेल्या तोंडाची लाज वाटली.

आसाराम खिंडीत गेला. तिथे मोबाईलला रेंज मिळते. दुपारी परत आला. कडूबाईने विचारल्यावर म्हणाला, "सहादेव म्हनतोय, उत्तरच. लहर कड्यावरनं वाकून येती म्हनं. आन् एक बोट फिरवायचा, मग थांबायचं. पेटीला वळखाय येळ लागतो."

"मंग करा की तसं."

आसाराम वर आला. नव्याला उत्तरेला नेले, एक बोट फिरवले, थांबला. माझ्याकडे पाहिले. पुन्हा एक बोट. पुन्हा माझ्याकडे. तिसऱ्या बोटाला त्याचा हात आपोआप पूर्वेकडे सरकला. शिडीवरून कडूबाईचे डोके वर आले. तिच्या हातात पाना होता.

"तुमी खाली जावा."

"तू कशाला चढलीस?"

"तुमची नजर ह्याच्यावरनं हटत न्हाई. ह्यो हितं हाय तवर तुमचा हात फिरून फिरून तिकडंच जानार."

"आगं, ह्यानं किती वर्सं…"

"दाखवलं. कुनी न्हाई म्हनतंय? आता त्याला दिसत न्हाई." तिने माझ्या पट्टीचा पहिला नट सोडला. गंजलेला दुसरा नट निघेना तेव्हा आसारामच पुढे झाला. दोघांनी मिळून मला सोडवले, दोरीने अंगणात उतरवले आणि भिंतीशी टेकवले. बत्तीस वर्षांनी मी जमिनीवर आलो. खालून पाहिले तर खांबाच्या टोकावर एकटा तो. माझ्याशिवाय खांब किती नीटनेटका दिसतो, हे मला पाहवले नाही.

कडूबाईने कमरेची मिसरीची डबी काढली. नव्याला उत्तरेला एक बोट फिरवायचे, मग चिमूटभर मिसरी घेऊन वरचे दात घासायचे. पुन्हा एक बोट, मग खालचे दात. घाई नाही. आसाराम खाली टीव्हीसमोर बसून पडद्यावरचा आकडा वाचत होता.

"काय म्हनतंय?"

"शून्य."

मिसरी.

"आता?"

"शून्यच हाय. तू दातच घासतीयास का वर?"

"तुमी आकडा बघा, माझं दात मोजू नका."

मिसरी.

"आगं, वीस! व्हय, वीस हाय! थांब… चाळीस… कडू, हात काढ! हात काढ!"

खाली टीव्हीतून एक माणूस डाळिंबावरच्या रोगाबद्दल बोलू लागला. आसाराम आणि कडूबाईने ती सगळी माहिती शेवटपर्यंत ऐकली. त्यांच्याकडे डाळिंबाचे एकही झाड नाही. मग कडूबाईने ट्रंक उघडून हिरवे लुगडे पुन्हा बाहेर काढले.

सव्वीस तारखेला सकाळी खिंडीतून वारा सुटला. डोंगरातल्या लोकांना तो ठाऊक आहे. कोरडा, सरळ, थांबणे माहीत नसलेला. आता एक चूक उघडी पडली. खांबाला ज्या तारेचा ताण होता ती तार माझ्या नळीला बांधलेली होती. मला काढताना तारही सुटली आणि पुन्हा बांधायचे कोणाच्या लक्षात आले नाही. साडेदहाला दिल्लीतला कार्यक्रम सुरू झाला, पावणेअकराला खांब डोलू लागला. टीव्हीवर माणसांचे चौकोन चौकोन झाले आणि पडदा काळा पडला.

आसाराम कंबर विसरून शिडी चढला. त्याने खांबाला मिठी मारली. चित्र आले.

"आली का गं?" तो वरून ओरडला.

"अजून न्हाई! रनगाडं चाललेत!"

थोड्या वेळाने पुन्हा, "आली का?"

"उंटं! उंटावर मानसं!"

"आता?"

"फटफट्यावर चढून हुबी ऱ्हायल्यात मेली, पडतील की!" आणि लगेच तिचा आवाज बदलला. "अवो, तुमी कसं बघनार?"

"तू बघ. बघून सांग मला."

कडूबाई दारात आली. हिरव्या लुगड्यात, डोक्यावर पदर. तिने वर नवऱ्याकडे पाहिले, मग अंगणात इकडे तिकडे पाहिले. वडाखाली पडलेली फांदी बघितली, पण म्हसोबाच्या वडाची काडी कोणी उचलत नाही. मग तिची नजर माझ्यावर आली.

"ह्याचा टेका द्या की!"

"काड्या आडव्या येत्यात त्याच्या!"

"मंग मोडा!"

तिने मला ओढत नेले आणि शिडीवरून वर दिले. आसारामने एका हाताने खांब धरून दुसऱ्या हाताने मला गुडघ्याखाली घेतले. क्षणभर तो थांबला. मग पहिली काडी मोडली. अॅल्युमिनियम जुने झाले की फार आवाज करत नाही. दुसरी, तिसरी, अशा सात. उरलेली नुसती नळी त्याने तिरकी धरून एक टोक कठड्याच्या कोपऱ्यात आणि दुसरे खांबाला दाबून बसवले, वर कपड्यांच्या दोरीचे चार वेढे दिले. हात काढून पाहिले. खांब थांबला. आसाराम शिडीच्या निम्म्या पायऱ्या गाळून खाली उतरला.

आता वर मी आणि तो नवा. वाऱ्याचा प्रत्येक झोत आधी त्याला लागत होता आणि त्याचा सगळा भार माझ्यावर येत होता. कठड्याच्या कोपऱ्यात माझे टोक गुळगुळीत सिमेंटवर होते. एक बोटभर घसरलो असतो तर खांब कलला असता आणि खाली पडदा काळा झाला असता. कोणी मला दोष दिला नसता. घाईत लावलेला टेका, सुटला. नव्याचे नाव मात्र कायमचे खराब झाले असते. हा विचार माझ्या मनात आला. एकदा नाही, दोनदा आला. मी तो तुमच्यापासून लपवत नाही.

खालून बँडचा आवाज आला आणि मग कडूबाईचा.

"ती! ती बघा! तिसऱ्या रांगंत, हिकडनं दुसरी!"

"समद्या सारख्याच दिसत्यात की गं."

"सारख्या कशा? मान बघा तिची! डोईवर मोळी घेतल्यागत ताठ हाय!"

"व्हय… व्हय गं! आपलीच हाय!"

मी सिमेंट धरून ठेवले. विजयमालाची तुकडी पडद्यावर अकरा सेकंद होती. पेटीवर सेकंदांचे घड्याळ दिसते, ते बघून आसारामने नंतर खालच्या गावात सगळ्यांना सांगितले. त्या अकरा सेकंदांत वाऱ्याचे तीन झोत आले. तिन्ही मी झेलले. मग पुढची तुकडी आली. खाली कडूबाई नाक ओढत म्हणाली, "चालली पन सरळ. हाय का न्हाई?"

मित्रांनो, तेव्हापासून मी इथे तिरका उभा आहे. आसाराम नंतर नवी तार आणतो म्हणाला होता. अजून आणली नाही, आणि ती येऊ नये असे मला वाटते. हेवा गेला का, असे विचाराल तर नाही गेला. चित्र त्याचे, कावळा त्याचा, कौतुक त्याचे. मी धरतो म्हणून तो उभा आहे, हे त्याला माहीतही नसेल.

तुम्हाला एकच विनंती आहे. आता हिवाळा सरेल आणि माणसे घरी परततील. तुमच्या छपरावर माझ्यासारखा कोणी जुना उभा असेल, तर निव्वळ मायेने त्याला वर ठेवू नका. शिडी लावा, त्याला हात धरून खाली घ्या, पुसा, उलटासुलटा करून पाहा. काही ना काही कामाचा तो निघेल. पण काय कामाचा, हे त्याला विचारू नका. तो अजूनही जुनीच दिशा दाखवील, आणि तीही अगदी खात्रीने.